मुंबई लोकलला नवीन आहात? या चुका टाळा

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाची फजिती गर्दीपेक्षा चुकीची गाडी, चुकीचा डबा नाहीतर चुकीची बाजू पकडल्याने जास्त होते. गर्दीची सवय आपोआप होते. बाकीचं मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

नावावर जाऊ नका

मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. गावाहून लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलात, तर लोक त्याला ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणतात म्हणून बॅगा घेऊन कुर्ला स्टेशन शोधत निघू नका. लोकलसाठी हार्बर लाइनचं टिळकनगर जवळ पडतं. दादरला 9 डिसेंबर 2023 पासून फलाटांचे नंबर सलग झालेत: 1 ते 7 पश्चिम, 8 ते 14 मध्य. जुने प्रवासी अजून जुनाच नंबर सांगतात, तेव्हा फलाटावरची पाटी बघूनच उभे राहा.

पत्ता विचारताना लाइन, स्टेशन आणि ईस्ट की वेस्ट, या तिन्ही गोष्टी विचारा. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर पूल चढून परत यावं लागतं. त्यात रिक्षात बसून बसलात, तर रूळ ओलांडायला लांबचा वळसा आणि मीटर चालूच. आणि वांद्रे, सायनच्या दक्षिणेला रिक्षा नसतेच. तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

इंडिकेटर पूर्ण वाचा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. इंडिकेटरवर चार गोष्टी असतात: गाडी कुठली, वेळ, फास्ट की स्लो, आणि डबे किती. मध्य रेल्वेवर ठिकाणाच्या जागी ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. तोच ‘एस’ फास्ट-स्लोच्या जागी आला की अर्थ स्लो. अर्धवट वाचणारा माणूस इथेच फसतो आणि विक्रोळीच्या पुढच्या कांजूरमार्गला उतरायचं म्हणून फास्टमध्ये चढून थेट ठाण्याकडे निघतो. घाटकोपरला उतरून स्लो पकडणं हाच मग उपाय. पश्चिमेला तीच गत विलेपार्ल्याची: फास्ट वांद्र्याहून निघाली की अंधेरीलाच थांबते.

डब्यांचा आकडाही बघा. 15 डब्यांची गाडी लांब उभी राहते. तिच्या शेवटच्या डब्याच्या जागी तुम्ही उभे राहिलात आणि 12 डब्यांची आली, तर धावाधाव ठरलेली. लाल-पिवळे तिरके पट्टे असलेला डबा फर्स्ट क्लासचा. सेकंडचं तिकीट घेऊन घाईत त्यात शिरलात तर दंड भरावा लागतो. बायकांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यांचंही तसंच. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधीच काढा.

बोरिवलीसाठी विरार नको

संध्याकाळी चर्चगेटहून किंवा दादरहून बोरिवलीला जायला विरार फास्टमध्ये चढू नका. गाडी बोरिवलीला थांबते, पण तुम्हाला उतरता येईलच असं नाही. आतली माणसं दूरची असतात, दारापर्यंत वाट मिळत नाही, आणि फलाटावरून चढणारा लोंढा तुम्हाला परत आत ढकलतो. लांबच्या प्रवाशांची चिडचिडही समजून घ्या. त्यांना तासभर उभं राहायचं असतं. बोरिवली लोकलच पकडा. ठाण्याला उतरणाऱ्यांनीही कसारा-कर्जतऐवजी ठाणे किंवा कल्याण गाडी बघावी.

उतरायची तयारी आधी करा

गाडी थांबते जेमतेम 20-30 सेकंद. दादरला उतरायचं असेल आणि गाडी फास्ट असेल, तर वांद्रे सुटताच पुढे सरका. पुढच्या माणसाला फक्त “दादर?” एवढंच विचारा. तो मान हलवेल. मग त्याच्या मागे चिकटून राहा, रांग आपसूक बाहेर पडते. “नाही” म्हणाला तर “जरा पुढे जाऊ द्या” म्हणा, त्याला राग येत नाही. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही आत्ताच विचारून घ्या, कारण उलट्या दाराशी उभं राहून काही उपयोग नाही. पाठीवरची बॅग छातीशी घ्या, नाहीतर रॅकवर टाका. पाठीवरची बॅग म्हणजे आणखी एक माणूस.

बसलेल्याला “कुठे उतरणार?” विचारणं इथे उद्धटपणा नाही. तो उतरला की ती सीट तुमची. तिघांच्या बाकावर चौथा अर्धा टेकून बसतो, ती ‘चौथी सीट’. कुणी खुणेने सरकायला सांगितलं तर सरका.

लांब जायचं असेल तर दारात अडून उभे राहू नका, आणि लटकू तर मुळीच नका. गर्दीच्या वेळी मागची गाडी काही मिनिटांत येते. रविवारी मात्र हा हिशेब चुकतो: मेगाब्लॉक (देखभालीसाठी काही तास रूळ बंद) असतो, गाड्या कमी होतात, फास्ट स्लोवर वळवल्या जातात. शनिवारी रात्रीच रेल्वेची सूचना बघा, आणि स्टेशनवर पोचायची वेळ अर्ध्या तासाने आधी धरा.