भूमध्य समुद्रात शिडाची बोट आणि खोल पाण्यातली मासेमारी: या चुका टाळा

खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ८०० मीटरचा आकडा आला की चार्टर बोटीवरची मंडळी निर्धास्त होतात. किनारा लांब, खडक नाही, मग पुढे बघायचं कशाला? पण खोल पाणी म्हणजे मोकळं पाणी नव्हे. सिसिलीच्या मझारा देल वाल्लोचे ट्रॉलर लाल कोळंबीसाठी ५००-७०० मीटर खोलीवर जाळी ओढतात. तळाशी जाळं ओढायला बंदी आहे ती १,००० मीटरच्या पलीकडे.

तरंगणारं काहीही कचरा समजणं

माल्टाभोवती १५ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर हा 'लाम्पुकी' म्हणजे डोराडोचा हंगाम. सावलीखाली हा मासा गोळा होतो, म्हणून तिथले मच्छीमार 'कन्निझ्झाती' नावाचे तराफे सोडतात. वर तरंगता तराफा आणि झावळ्या, तळाशी चुनखडीचा चिरा आणि मधे शेकडो मीटर दोर. लाटेत ही झावळी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि प्रत्येकीवर दिवा असेलच असंही नाही. दोन बोये जवळजवळ दिसले तर मधून मुळीच जाऊ नका, बहुधा ते एकाच दोराला बांधलेले असतात.

तलवारमाशासाठी सोडलेल्या गळांच्या लांब दोरीचं गणित वेगळं. ती कित्येक किलोमीटर पसरलेली असते, झेंड्याच्या काठ्या दूर दूर. वळसा घालणं उत्तम. ओलांडावीच लागली तर दोन बोयांच्या बरोबर मधोमध, काटकोनात जा. दोरी तिथे सर्वांत खोल लोंबते. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) त्या वेळी न्यूट्रलमध्ये हवा.

दिवे न वाचणं

रात्री समोरच्या बोटीवर हिरव्याखाली पांढरा दिवा म्हणजे ट्रॉलर, लालखाली पांढरा म्हणजे इतर मासेमारी. आपण शिडावर असलो तरी बाजूला व्हायचं ते आपणच. ट्रॉलरच्या मागून जवळून कापून जाऊ नका.

पंख्यात दोर गेल्यावर रिव्हर्स मारणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. उलटं फिरवून दोर सुटत नाही, आणखी घट्ट बसतो. लगेच न्यूट्रल, मग इंजिन बंद. शीड उभं करून बोटीवर ताबा ठेवा. रात्री किंवा लाट असताना कुणालाही खाली उतरवू नका. हेलकावणाऱ्या बोटीचा तळ डोक्यावर आदळतो. दिवसा, शांत पाण्यात, कमरेला दोर बांधून, दातेरी सुरी घेऊनच उतरा. दोर ताणलेला असेल तर कापल्याबरोबर तो उसळतो, तेव्हा बाजूला राहून कापा.

दोर निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. गळाची बारीक नायलॉन दोरी पंख्याच्या दांड्याभोवतीच्या, पाणी अडवणाऱ्या सीलच्या आत शिरते आणि पाणी झिरपायला लागतं. सेलड्राइव्ह (इंजिनापासून बोटीच्या तळातून खाली पंख्यापर्यंत जाणारा गिअरचा पाय) असेल तर त्याचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

लागलेला मासा सरसकट ताटात घेणं

निळ्या पंखांच्या ट्यूनाला हौशी मासेमारीत परवाना लागतो. साधारणपणे ३० किलो किंवा ११५ सेंटिमीटरच्या खालचा ठेवता येत नाही आणि दिवसाला बोटीमागे एकच. त्या त्या देशाचा नियम निघण्याआधी वाचा.

डोराडो आणि ट्यूना उन्हात डेकवर ठेवू नका. त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. पकडल्याबरोबर रक्त काढा, आतडी काढा, बर्फात घाला.

तुर्कस्तान, सायप्रस, ग्रीसच्या पाण्यात सुएझमार्गे आलेला एक फुगा मासा आहे: चांदीसारखे गाल, पाठीवर ठिपके, चोचीसारखे दात. त्याचं विष जीव घेतं आणि तेही शिजवून जात नाही. तेलमासाही खोल पाण्यातला, चवीला छान, पण त्यातलं मेणासारखं तेल पचत नाही आणि जुलाब होतात. चंदेरी पट्ट्यासारखा लांबलचक मासा आला तर मात्र खुशाल तळा. सिसिलीतल्या मेसिनाचे लोक त्याला 'स्पातोला' म्हणतात, आणि तो आपल्या वाकटीच्याच कुळातला आहे.