व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना निवडायच्या सेटिंग्ज

कपाटात पडून असलेल्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर घेताना एक तत्त्व पाळावे: टेपवर जे आहे ते शक्य तितके जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि सुधारणा, कापाकापी व आकार कमी करणे ही कामे नंतर प्रतीवर करावीत. जुनी टेप पुन्हा किती वेळा नीट चालेल याचा भरवसा नसतो, फाइलवर मात्र हवे तितके प्रयोग करता येतात.

प्रथम टीव्ही प्रणाली निवडावी. आपल्याकडच्या कॅसेटी सामान्यतः पाल पद्धतीच्या असतात, म्हणजे 625 रेषांपैकी चित्राच्या 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट बहुधा एनटीएससी असते. तिच्यासाठी ती प्रणाली चालवणारा व्हीसीआर लागतो आणि सेटिंग 720×480 व 29.97 फ्रेम असे ठेवावे लागते.

पाल कॅसेटसाठी 720×576 हाच आकार घ्यावा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच कमी असल्यामुळे 352×288 पुरेल असे अनेकांना वाटते, परंतु तिथेच मोठे नुकसान होते. पालची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते, एकात विषम रेषा आणि दुसऱ्यात सम, आणि ती दोन्ही एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. उंची 288 केली की सहसा त्यांतले एक फील्ड टाकून दिले जाते, म्हणजे उभा तपशील आणि हालचाल दोन्ही निम्म्यावर येतात. संगणकाच्या पडद्यावर अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर घाबरून डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याची प्रक्रिया) सुरू करू नये. तो दोष नव्हे, दोन फील्ड शाबूत असल्याची ती खूण आहे. हे काम नंतर क्यूटीजीएमसीसारख्या फिल्टरने सेकंदाला 50 फ्रेम ठेवून केले, तर मूळची सफाईदार हालचाल टिकते.

रंगांसाठी वाययूवाय2 (YUY2), म्हणजे 4:2:2 हे रंग साठवण्याचे प्रमाण, निवडावे आणि कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवण्याची पद्धत, हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ यांसारखा, काहीही न गमावणारा घ्यावा. स्वस्त यूएसबी उपकरणांसोबत येणारे सॉफ्टवेअर अनेकदा थेट एमपेग-2, म्हणजे तपशील गाळून आवळलेली, फाइल बनवते. टेपवरची खरखर साठवण्यातच तिचा बिटरेट (सेकंदाला मिळणारी डेटाची जागा) खर्ची पडतो आणि अंधाऱ्या मांडवात चौकोनी ठिपके उमटतात. अजिबात न आवळलेल्या फाइलला तासाला सुमारे 75 जीबी लागतात, या कोडेकमुळे साधारण त्याच्या निम्म्यात भागते. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण एफएटी32 वर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही.

उजळपणाकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सर्वांत अधिक हानी तिथेच होते. व्हर्च्युअलडब या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उघडून टेपवरचा सर्वांत प्रखर प्रसंग लावावा, उदाहरणार्थ व्हिडिओच्या दिव्याखालचा पांढरा अंतरपाट, आणि आलेख 0 ते 255 च्या मोजपट्टीवर 16 ते 235 या मर्यादेत राहील अशा बेताने ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट ठरवावे. कापडाच्या चुण्या एकदा सपाट पांढऱ्या होऊन गेल्या की पुढचा कोणताही फिल्टर त्या परत आणू शकत नाही. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी टेप वाचणारे एक हेड थांबून दुसरे सुरू होण्यामुळे येते; आत्ता ती कापू नये, संपादनात झाकावी.

व्हीसीआरला एस-व्हिडिओची (उजळपणा व रंग वेगवेगळे नेणाऱ्या जोडणीची) सोय असल्यास पिवळ्या केबलऐवजी तीच वापरावी. आवाज 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, पीसीएम (न आवळलेला) असा ठेवावा. पूर्ण कॅसेट लावण्यापूर्वी काही मिनिटांची चाचणी घेऊन गळालेल्या फ्रेमचा आकडा पाहावा. तो वाढत असेल तर आवाज आणि ओठ जुळणार नाहीत. अशा वेळी इतर प्रोग्राम बंद करावेत, दुसऱ्या डिस्कवर लिहून पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर व्हीसीआर व कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपच्या सिग्नलची वेळ स्थिर करणारे उपकरण, जोडावा.