बुलेटची वायरिंग, सुतळीपासून

मामाची १९९४ची बुलेट ३५० माझ्याकडे आली ती टेम्पोतून. इंजिन, टाकी, चाकं जागच्या जागी. वायरिंग मात्र गायब. रंगासाठी गाडी खोलली तेव्हा कुणीतरी हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, काढून ठेवला, तो गेला तो गेलाच. तयार हार्नेस बाजारात मिळतो, पण या गाडीत स्विच एका मॉडेलचे, इंडिकेटर दुसऱ्याचे. मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटारी बघतो. म्हटलं, आपणच ओढू.

आधी बॅटरी आणि बल्ब बघा. माझ्या गाडीत सगळं १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. फार जुन्या गाड्यांत सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे पॉझिटिव्ह चॅसीला, सापडतो. बल्बच्या टोपीवर आकडा असतो, तो वाचा.

घरातली उरलेली एकतारी वायर अजिबात लावू नका. बुलेटच्या थरथरीने ती आतल्या आत मोडते आणि वरून धडधाकट दिसते. गाडीची बहुतारी वायर आणा: मेन लाइनला २.५ चौरस मिलिमीटर, हेडलाइट-हॉर्नला १, इंडिकेटर आणि टेललाइटला ०.७५. हिशोब सोपा आहे. ३५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर तीन अँपिअर खातो.

आता सुतळी. प्रत्येक वायरच्या वाटेने सुतळी लावा, टाकीखालून, हेडलाइटच्या डोमपर्यंत. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. कुठे ताणली तर चार बोटं वाढवा. त्या मापाने वायर कापायची, दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवायची. मी पहिल्या दिवशी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. चार काळ्या वायरी हातात धरून अर्धा तास बसलो होतो.

सगळ्यात जास्त वेळ अर्थला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत येण्याच्या वाटेला, द्या. चॅसी लोखंडी आहे म्हणून करंट परत येईल असं धरून चालू नका. नव्या रंगावर थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आवळलं तर अर्थ होत नाही. तिथला रंग कानशीने उडवून धातू चमकू द्या. हँडलचा अर्थ तर स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून येतो, हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. म्हणून मी डोममधून थेट चॅसीला आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला स्वतंत्र वायर टाकली. टेललाइटलाही वेगळी, कारण मडगार्ड रंगवलेलं.

मेन लाइन अशी: बॅटरीचा पॉझिटिव्ह, त्याला अगदी लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज, मग अमीटर (करंट दाखवणारा काटा), मग चावी. रेग्युलेटर-रेक्टिफायरची (अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा डबा) पॉझिटिव्ह वायर अमीटरच्या चावीकडच्या टोकाला जोडा. बॅटरीकडे जोडलीत तर चार्जिंग चालू असूनही काटा कायम उणेकडेच बसेल, आणि तुम्ही चांगला अल्टरनेटर खोलत बसाल.

थिंबल क्रिंपिंग पक्कडीने दाबा. सोल्डर करायचंच असेल तर थेंबभरच. तो वायरीत वर चढला की ती जागा ताठ होते आणि तिथेच तुटते.

सगळं एकदम जोडू नका. आधी फक्त इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी लाइन: चावी, कॉइल, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), कंडेन्सर. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. स्पार्क आला की पुढची लाइन. चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट बंद स्थितीत असतील तर कॉइल तापत राहते. मी गेलो होतो. परत आलो तेव्हा हात लाववत नव्हता.

प्रत्येक नवी लाइन जोडल्यावर फ्यूज काढून त्याच्या जागी १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा आणि कॉइलची वायर तेवढ्यापुरती सोडवा. सगळे स्विच बंद ठेवून चावी फिरवा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी पॉझिटिव्ह चॅसीला टेकतोय. धूर नाही, जळकी वायर नाही, आरामात शोधा. माझ्याकडे तो ब्रेकच्या स्विचची लाइन जोडल्यावर पेटला. थिंबलची एकच तार फूटरेस्टच्या नटाला लागली होती.

टेप सगळ्यात शेवटी, आठवडाभर गाडी चालवून झाल्यावर. तोवर झिप टाय पुरे. माझी अजून टायवरच आहे, कारण डावा इंडिकेटर दिला की उजवा मंद लुकलुकतो. उद्या मागचा अर्थ पुन्हा घासणार आहे.