घरच्या संगणकावरील मास्टरिंगसाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सला प्रकाशनापूर्वी दिलेला शेवटचा हात. त्याचे सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी आपल्याकडे आधीच काय आहे, ते पाहावे. रीपर, क्यूबेस किंवा लॉजिक प्रो यांपैकी ध्वनिमुद्रणाचे कोणतेही सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ईक्यू (स्वरपट्ट्यांचा समतोल साधणारे साधन), कॉम्प्रेसर (आवाजातील चढउतार आवरणारे) आणि लिमिटर (आवाजाला ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारे) त्यातच असतात. लॉजिक प्रोमध्ये तर 2023 सालच्या 10.8 आवृत्तीपासून मास्टरिंग असिस्टंट ही आपोआप मास्टरिंग करणारी सोयही आहे. जोडीला व्हॉक्सेंगो स्पॅन हा आवाजातील स्वरपट्ट्या चित्ररूपाने दाखवणारा ॲनालायझर आणि आवाजाची पातळी मोजणाऱ्या यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती घ्यावी. अनेकांची गरज एवढ्यावरच भागते.

तरीही वेगळे सॉफ्टवेअर हवे असल्यास ते आपल्या संगणकावर चालेल का, हे आधी तपासावे. असे सॉफ्टवेअर बहुधा प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा भाग, या रूपात येते आणि त्याचे प्रकार वेगवेगळे असतात. लॉजिक प्रो फक्त एयू प्रकारचे प्लगइन स्वीकारते, प्रो टूल्सला एएएक्स लागते, तर विंडोजवर बहुतेक ठिकाणी व्हीएसटी3 चालते.

यानंतर चाचणी आवृत्ती उतरवून घ्यावी आणि निवड खऱ्या अर्थाने येथेच करावी. त्यासाठी कंपनीने दिलेले नमुन्याचे गाणे न वापरता स्वतःचे मिक्स घ्यावे. मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर काढून, आवाजाची शिखरे शून्याच्या (डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेच्या) तीन ते सहा डेसिबल खाली ठेवून, त्याची 24 बिटची वेव्ह फाइल तयार करावी. ढोलकी असलेले गाणे असेल तर उत्तमच, कारण लिमिटरचा कस थापेवर लागतो. तो दोन डेसिबल दाबतो तोवर थाप सहसा टिकते. सहा डेसिबलपर्यंत नेले की ती बोथट होते आणि प्रत्येक थापेनंतर मागची पेटी क्षणभर बुडून पुन्हा वर येते. हे बुडणे ज्या सॉफ्टवेअरमध्ये कमी जाणवते, ते आपल्या कामाचे.

मात्र तुलना करताना मूळ आणि मास्टर केलेला, अशा दोन्ही आवाजांची पातळी समान हवी. मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो आणि बरीच खरेदी या भ्रमातूनच होते. ओझोन या मास्टरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी गेन मॅच, म्हणजे पातळी आपोआप जुळवण्याची सोय आहे. इतरत्र जितका आवाज वाढला तितका हाताने कमी करावा.

घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात दिवसा वाहनांची घरघर बेसमध्ये मिसळते, त्यामुळे ही चाचणी रात्री किंवा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर करावी. ठाणे–वाशी लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकण्यास हरकत नाही, पण तेथे ऐकून बेस वाढवू नये.

सॉफ्टवेअरमध्ये एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आणि ट्रू पीक (आवाजाचे खरे शिखर) दाखवणारा मीटर असावा. नसल्यास यूलीन वापरता येते. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी उणे 14 एलयूएफएसवर आणते आणि ट्रू पीक उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवण्यास सुचवते. ॲपल म्युझिकची पातळी उणे 16 आहे. गाणे याहून मोठे केले तर तेथे ते खालीच आणले जाते, आणि दबलेली थाप तशीच राहते.

आपोआप मास्टरिंग करणाऱ्या सोयीचा सल्ला जरूर ऐकावा, परंतु टाळ, पखवाज आणि एकतारीवरच्या अभंगाला ती पॉप गाण्यासारखी चकाकी देऊ लागली, तर तो सरळ बाजूला ठेवावा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असा सल्ला हाताने बदलता येत नाही, ते घेऊ नये. खरेदीची घाईही नको: प्लगइनच्या किमती नोव्हेंबरमधील सवलतींत बऱ्याच उतरतात, आणि रीपरची चाचणी आवृत्ती तर 60 दिवस सर्व सोयींसह वापरता येते.