काउंटीत घराची नोंद शोधताना आणि करताना: या चुका टाळा

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाला नोंदींच्या बाबतीत सगळ्यात जास्त नडते ती सातबाऱ्याची सवय. सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इथेही आपण काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, टॅक्सच्या साइटवर पत्ता टाकतो, मालकाच्या रकान्यात आपलं नाव दिसलं की निश्चिंत होतो. (सातबारा हासुद्धा मुळात महसुलाचाच कागद, पण तो वाद वेगळा.) आपण पाहिलेली ती नोंद असेसरची. कर कोणाकडून आणि किती घ्यायचा, एवढंच ती सांगते. मालकी ठरते डीडवरून, म्हणजे खरेदीखतासारख्या हस्तांतराच्या दस्तावरून, आणि डीड नोंदलेलं असतं रेकॉर्डरकडे. आपल्याकडे दुय्यम निबंधक आणि घरपट्टी विभाग वेगळे, तसंच हे. पुढचे बहुतेक घोळ या दोन खिडक्यांची गल्लत केल्यानेच होतात.

त्यात रेकॉर्डरच्या खिडकीवरची पाटी राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डर, पेनसिल्व्हेनियात रेकॉर्डर ऑफ डीड्स, टेक्सासात काउंटी क्लार्क. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी क्लार्क, पण एसेक्स आणि हडसनमध्ये रजिस्टर. शिकागोच्या कुक काउंटीत रेकॉर्डरचं कार्यालय २०२० मध्ये क्लार्ककडे गेलं. कनेक्टिकटमध्ये तर काउंटीकडे काहीच नाही, सगळं टाउन क्लार्ककडे. टेक्सासात आकारणीसाठी अप्रेझल डिस्ट्रिक्ट हे आणखी वेगळं दफ्तर.

पोस्टाच्या पत्त्यावर विश्वास

टपालाचा पत्ता आणि सरकारी हद्द जुळेलच असं नाही. न्यू जर्सीतलं मॉनमाउथ जंक्शन मॉनमाउथ काउंटीत नाही. ते साउथ ब्रन्सविक टाउनशिपमध्ये, म्हणजे मिडलसेक्स काउंटीत येतं. पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ असलेलं घर प्लेन्सबरोत असेल तर मिडलसेक्स, माँटगोमेरीत असेल तर सॉमरसेट आणि खुद्द प्रिन्स्टनमध्ये असेल तर मर्सर. टेक्सासातलं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. ‘रेकॉर्डच सापडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी टॅक्सचं बिल काढायला सांगतो. बिलावर हद्द छापलेली असते आणि घराचा खरा ओळखक्रमांकही: कॅलिफोर्नियात एपीएन (असेसरने दिलेला पार्सल क्रमांक), न्यू जर्सीत ब्लॉक आणि लॉट. काँडो असेल तर लॉटच्या पुढे ‘सी’ने सुरू होणारा क्वालिफायरही लागतो. तो सोडला तर भलत्याच युनिटची माहिती समोर येते किंवा काहीच येत नाही.

नावाचा घोळ

रेकॉर्डरची सूची मुळात नावांवर चालते: देणारा आणि घेणारा, म्हणजे ग्रँटर आणि ग्रँटी. आपली नावं या यंत्रणेसाठी बनलेलीच नाहीत. पासपोर्टवर स्वतःच्या नावापाठोपाठ वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होते त्या सह्यांच्या) कागदांवर कधी ते असतं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी काहीच नाही. लग्नानंतर बदललेलं आडनाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर. स्पेलिंगची तर गंमतच. वाघ किंवा वैद्य लिहिताना सुरुवात व्ही ने की डब्ल्यू ने? क्षीरसागरमध्ये के आहे की एक्स? चौधरी तर दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात. सूची तयार करणारा क्लार्क समोर दिसेल ते टाइप करतो, आणि तिथेही एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं.

म्हणून पूर्ण नाव टाकून ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’ आलं की घाबरायचं कारण नाही. आधी आडनाव, मग नाव, या क्रमाने टाका. आडनावाची पहिली तीन-चार इंग्रजी अक्षरंच देऊन बघा. मधलं नाव गाळा. नंतर तेच आडनावाच्या जागी टाकून पाहा, कारण वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढलेलं असू शकतं. तारखेची चौकट क्लोजिंगच्या दिवशीच संपवू नका, पुढचे दोनेक महिने धरा. सही एका दिवशी होते, नोंद दुसऱ्या. जोडीदाराच्या नावानेही शोधा आणि तेही नाही जमलं तर विकणाऱ्याच्या नावाने. त्याचं नाव स्मिथ असेल तर बसा चाळत, पण बिल्डरकडून घेतलं असेल तर हाच सोपा मार्ग.

सापडल्यावर एक गोष्ट नीट बघा: चूक सूचीत आहे की डीडमध्येच? डीड बरोबर आणि सूचीत अक्षर चुकलं असेल तर रेकॉर्डरला डीडची प्रत जोडून लिहा, दुरुस्ती तिथल्या तिथे होते. डीडमध्येच नाव, लॉट नंबर किंवा हद्दीचं वर्णन चुकलं असेल तर रेकॉर्डर हात लावणार नाही. त्यासाठी दुरुस्तीचं नवं डीड करून तेही नोंदवावं लागतं. क्लोजिंग केलेल्या टायटल कंपनीला (मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी) आधी गाठा, चूक त्यांच्या टायपिंगची असेल तर निस्तरणं त्यांचं काम. रेकॉर्डर कागदाचं रूप तपासतो, आतला मजकूर खरा की खोटा हे नाही. नोंद झाली म्हणून कागद बरोबर ठरत नाही.

उलटा त्रासही होतो. पाटील, जोशी, देशमुख असं आडनाव असेल तर भलत्याच कुणावरचा कोर्टाचा निवाडा आपल्या नावासमोर उभा राहतो. टायटल कंपनी ‘ती व्यक्ती मी नव्हे’ अशा प्रतिज्ञापत्रावर सही मागते. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

फक्त डीड बघून थांबणं

कर्ज फिटलं, रिफायनान्स झालं, की जुनं गहाण उतरल्याचा कागदही नोंदला जायला हवा. कॅलिफोर्नियात त्याला रीकन्व्हेयन्स म्हणतात, टेक्सासात रिलीज ऑफ लिएन, न्यू जर्सीत डिस्चार्ज ऑफ मॉर्टगेज. तो पाठवायचा राहून गेला तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, आणि घर विकताना क्लोजिंगच्या तोंडावर अडतं. तोवर जुनी बँक दुसरीत विलीन झालेली असते, फोन कोणाला करायचा तेच कळत नाही. गहाणाच्या कागदात देणारे आपण असतो, त्यामुळे नाव ग्रँटरच्या बाजूला शोधा. कर्ज देणाऱ्याच्या जागी बँकेऐवजी ‘मर्स’ दिसलं तर दचकू नका. बँकांनी कर्जांच्या हस्तांतराचा माग ठेवण्यासाठी नेमलेली ती नाममात्र संस्था आहे.

इंटरनेटवरचा फॉर्म भरून बायकोचं नाव घालणं

यात माझं मत ठाम आहे: क्विटक्लेम डीड (कुठलीही हमी न देता आपला हक्क सोडून देणारा दस्त) स्वतः भरू नका, वकिलाचे पैसे द्या. सोप्या दिसणाऱ्या त्या एका पानावर टायटल इन्शुरन्सचं, म्हणजे मालकीतल्या दोषांवरच्या विम्याचं, संरक्षण जाऊ शकतं. दोघांची मालकी कशी, हे सांगणारे शब्द चुकले तर एकाच्या पश्चात हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे न जाता प्रोबेटमध्ये, म्हणजे वारसाच्या कोर्टाच्या प्रक्रियेत, अडकतो. अख्खं घर जोडीदाराच्या नावे करायचं असेल आणि तो अमेरिकेचा नागरिक नसेल, तर नवरा-बायकोतली अमर्याद करमुक्त भेट लागू होत नाही. अशा जोडीदाराला वर्षाकाठी करमुक्त देता येणाऱ्या भेटीची मर्यादा २०२५ मध्ये १,९०,००० डॉलर होती. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवरच्या घरांत हे सर्रास विसरलं जातं.

डीडसोबतचे कागदही राज्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात मालकी बदलाचा पीसीओआर फॉर्म जोडला नाही तर २० डॉलर जादा. न्यू जर्सीत देणाऱ्याच्या आयकराचा जीआयटी-आरईपी फॉर्म लागतो आणि हस्तांतर शुल्कात सूट हवी तर आरटीएफ-१ हे प्रतिज्ञापत्रसुद्धा.

सही भारतात होणार असेल तर आणखी दोन अडचणी. पहिली कागदाची. पुण्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-४ वर छापलेलं डीड इथल्या लेटर आकारापेक्षा अरुंद आणि लांब असतं. काही काउंट्या त्यावर जादा शुल्क लावतात, काही परत पाठवतात. कॅलिफोर्नियात पहिल्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पाच इंच रुंद, अडीच इंच उंच जागा रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी कोरी लागते. प्रिंटरने ‘फिट टू पेज’ केलं की हे गणित बिघडलंच. दुसरी नोटरीची. कोर्टाबाहेरच्या नोटरीचा नुसता शिक्का चालेल असं धरून चालू नका. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन सही करता येते, शिक्क्यागणिक ५० डॉलर. भारत २००५ पासून अपोस्टील करारात (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकारी प्रमाणपत्र जोडण्याचा करार) असल्याने तोही मार्ग आहे, पण वेळ लागतो. कोणता चालेल ते टायटल कंपनीला आधी लेखी विचारा. मुखत्यारपत्रावर कोणी सही करणार असेल तर डीडबरोबर मुखत्यारपत्रही नोंदवावं लागतं.

नोंद झाली, आता सवलत आपोआप मिळेल

नाही मिळणार. राहत्या घराची सवलत असेसरकडे वेगळी मागावी लागते. टेक्सासात होमस्टेडचा अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, फुकट, साधारण ३० एप्रिलपर्यंत. ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता नसेल तर तो तिथेच अडतो. आकारणीतली वाढ वर्षाला १० टक्क्यांवर रोखणारी राहत्या घराची मर्यादाही याच अर्जावर अवलंबून. कॅलिफोर्नियात सूट आकारणीतून फक्त ७,००० डॉलरची, पण १५ फेब्रुवारीपर्यंतचा एक अर्ज काही फार नाही.

नोंद होताच सरकारी वाटावं असं एक पत्र येतं: शंभर डॉलरच्या आसपास भरा, तुमच्या डीडची प्रत पाठवतो. ते सरळ कचऱ्यात टाका. काउंटी तीच प्रत काही डॉलरमध्ये देते. मूळ डीड हरवलं तरी बिघडत नाही, मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये जपायची आपली सवय इथे तितकी गरजेची नाही. रेकॉर्डरकडची प्रमाणित प्रत विक्रीला पुरते. फुकट मिळणारी एक गोष्ट मात्र घ्या. तुमच्या नावाने कुठलाही कागद नोंदला गेला की ईमेल पाठवणारी फ्रॉड अलर्ट सेवा बऱ्याच काउंट्या देतात. नाव टाकताना स्पेलिंगचे सगळे प्रकार वेगवेगळे नोंदवा.