जुनं कॉम्प्युटर कार्ड फोटोवरून कसं ओळखायचं (टायटल वाचूच नका)

सेकंडहँड साइटवर जुन्या कार्डांचं टायटल कसं असतं ते माहितीच आहे, "रेअर व्हिंटेज कॉम्प्युटर कार्ड, वर्किंग, टेस्ट केलेलं नाही". म्हणजे चालतं पण आणि चालवून बघितलं पण नाही. विकणाऱ्याचा फार दोष नाही म्हणा, बरेच जण भंगारातनं किलोवर माल उचलतात, त्यांना हिरवी पाटी आणि सोनेरी दात एवढंच दिसतं. म्हणून माझा नियम सोपा आहे, टायटल वाचायचंच नाही, सरळ फोटो उघडायचा आणि झूम करायचा.

सगळ्यात आधी खालचे दात बघायचे, म्हणजे कार्ड बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसतं तिथले सोनेरी पट्टे, त्यावरून स्लॉटचा प्रकार कळतो. जाड जाड आणि सुटे सुटे असतील तर आयएसए (जुना स्लॉट), एका दातापासून दुसऱ्यापर्यंत २.५४ मिमी. एकच पट्टी असेल तर ८ बिट, १९८१ च्या आयबीएम पीसीवालं, एका बाजूला ३१ दात. त्याच्या पुढे खाच सोडून अजून १८ दातांची छोटी पट्टी असेल तर १६ बिट, हे १९८४ च्या आयबीएम एटी कॉम्प्युटरपासून आलं. त्यानंतरच्या पीसीआय स्लॉटचे दात बारीक, बरोबर निम्म्या अंतरावर, आणि मधे खाच. आयएसएचे दोन तुकडे आणि त्याच्याही पुढे बारीक दातांचा तिसरा तुकडा असं लांबच लांब कार्ड दिसलं तर ते व्हीएलबी, ४८६ प्रोसेसरच्या जमान्यातलं, आणि विकणारा बिचारा त्याला "लाँग पीसीआय" म्हणत असतो. निळ्या प्लास्टिकच्या मुठी दिसल्या तर आयबीएम पीएस/२ कॉम्प्युटरचं एमसीए कार्ड असायची शक्यता मोठी, ते तुमच्या साध्या बोर्डात जाणारच नाही, पुढे सरका.

आता दात कापलेले किंवा ब्लर असतील तर? एक ट्रिक आहे जी मला खूप उशिरा कळली. कार्ड असं डोळ्यासमोर आणायचं की चिप आपल्याकडे आणि दात खाली, मग पत्र्याची पट्टी म्हणजे ब्रॅकेट उजवीकडे आलं तर आयएसए घराणं, डावीकडे आलं तर पीसीआय, एजीपी (ग्राफिक्स कार्डांचा खास स्लॉट) किंवा त्यानंतरचं काहीतरी. कारण पीसीआयवर चिप उलट्या बाजूला बसवतात. फक्त फोटो मिरर केलेला नाही ना ते चिपवरची अक्षरं बघून आधी खात्री करा, सेल्फी कॅमेऱ्याने काढलेले फोटो पण बघितलेत मी.

एजीपी घेताना खाचांवर जास्त वेळ द्या कारण इथे चूक महागात पडते. ब्रॅकेटच्या जवळची खाच ३.३ व्होल्टची, लांबची १.५ ची, दोन्ही असतील तर युनिव्हर्सल. फक्त जवळची खाच असलेलं जुनं कार्ड नंतरच्या १.५ वाल्या बोर्डात बसत नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावायचा नाही.

मग ब्रॅकेट. माझे पैसे इथेच बुडाले होते. "ओल्ड साउंड कार्ड १६ बिट" म्हणून लिस्टिंग होती, फोटो एकच, वरून काढलेला, कडेला १५ पिनचा रुंद कनेक्टर दिसत होता, मी म्हणलं जॉयस्टिकचा गेम पोर्ट आहे, झालं, घेऊन टाकलं. पार्सल उघडलं तर कार्ड नेटवर्कचं! तो १५ पिनचा कनेक्टर एयूआय होता, जाड इथरनेट केबलच्या ट्रान्सीव्हरसाठी असायचा तो. दोन्ही सॉकेट दोन ओळींचे, १५ भोकांचे, वरून अगदी सारखे. फरक एवढाच की एयूआयवर पत्र्याचं सरकतं लॉक असतं, आणि शेजारी बऱ्याचदा केबल टीव्हीसारखं गोल बीएनसी नाहीतर रुंद आरजे ४५ (नेटवर्क केबलचं सॉकेट) असतं, तर साउंड कार्डवर हेडफोनची छोटी गोल जॅक असतात ओळीने. ब्रॅकेटचा समोरून फोटो मागितला असता तर दोन सेकंदात कळलं असतं. तेव्हापासून ब्रॅकेटच्या फोटोशिवाय मी पैसे पाठवत नाही.

बाकी सॉकेटं पटकन सांगतो. तीन ओळींत १५ भोकं म्हणजे व्हीजीए. दोन ओळींत ९ भोकं म्हणजे बहुतेक त्याआधीचं डिस्प्ले कार्ड (एमडीए, सीजीए, ईजीए), पण ९ पिना बाहेर आलेल्या असतील तर सिरियल पोर्ट, भोकं की पिना ते नीट बघा. २५ भोकं म्हणजे प्रिंटर पोर्ट, कधीकधी स्कझी (हार्डडिस्क, स्कॅनर जोडायचं पोर्ट). फोनची दोन छोटी चौकोनी सॉकेटं असतील तर मोडेम, आणि मोडेम असेल तर मी तरी सोडून देतो.

दोन व्हीजीए सॉकेट असलेलं पीसीआय कार्ड "ड्युअल मॉनिटर कार्ड" म्हणून दिसलं तर मात्र जागे व्हा. ३डीएफएक्स कंपनीचं वूडू असू शकतं ते. १९९६ चं पहिलं वूडू आणि १९९८ चं वूडू २, दोन्ही नुसती थ्रीडीची कार्डं, साधं टूडी चित्र दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाकडून यायचं, म्हणून एक सॉकेट सिग्नल आत घ्यायला आणि दुसरं मॉनिटरला द्यायला. वूडू २ वर तीन मोठ्या चिप दिसतात. फोटोत चिपवरचं ३डीएफएक्स वाचता आलं तर खात्री, नाहीतर खरंखुरं ड्युअल डिस्प्ले कार्डही निघू शकतं.

यानंतर मोठ्यात मोठी चिप वाचायची. ट्रायडेंट ८९००, सिरस लॉजिक ५४२८, त्सेंग ईटी४०००, एस३ ट्रायो६४ हे सगळे ग्राफिक्स, आणि डॉसवाल्यांना (विंडोजच्या आधीची सिस्टीम वापरणाऱ्यांना) ईटी४००० जास्त आवडतं. विनबाँड ८३७५७ दिसली आणि बोर्डावर ४० आणि ३४ पिनांच्या पट्ट्या असल्या तर ते हार्डडिस्क फ्लॉपीचं मल्टी आयओ कार्ड, ग्राफिक्स म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. चिपवर हीटसिंक किंवा स्टिकर असेल तर क्रिस्टल बघा, तो छोटा चंदेरी डबा, त्याच्यावर मेगाहर्ट्झचा आकडा असतो: १४.३१८ बरेचदा ग्राफिक्स, २० बरेचदा १० मेगाबिटचं नेटवर्क, २४.५७६ किंवा १६.९३४४ असेल तर साउंड. पक्का पुरावा नाही पण दिशा कळते.

साउंड ब्लास्टरचं (क्रिएटिव्ह कंपनीची साउंड कार्डं) काम सोपं, क्रिएटिव्हने बोर्डावरच सीटी आणि चार आकडे छापलेत. सीटी१७४० किंवा सीटी२२३० म्हणजे एसबी (साउंड ब्लास्टर) १६, सीटी२७६० आणि सीटी३९०० एडब्ल्यूई ३२, सीटी४३९० एडब्ल्यूई ६४ गोल्ड. लोक एसबी १६ ला बिनधास्त एडब्ल्यूई म्हणून विकतात, तर लांब कार्डावर रॅम लावायची ३० पिनची दोन सॉकेटं आहेत का बघा, असतील तर एडब्ल्यूई ३२ किंवा त्याचा स्वस्तातला भाऊ एसबी ३२. डॉस गेमचं म्युझिक पाहिजे असेल तर यामाहाची वायएमएफ२६२ चिप शोधा, नंतरच्या काही एसबी १६ वर त्याऐवजी क्रिएटिव्हचं स्वतःचं सीक्यूएम नावाचं म्युझिक सर्किट आहे, आवाज वेगळा येतो, आणि विकणारा हे कधीच लिहीत नाही.

वय काढायचं तर चिपवरचा चार आकडी कोड, ९४३५ म्हणजे १९९४ चा ३५ वा आठवडा. तीनचार चिप बघून त्यातला सगळ्यात नवा धरायचा, कार्ड त्याच्या आधीचं असूच शकत नाही. ७४३२ बघून "१९७४ चं आहे" असं सांगणारे पण भेटतात, ते चिपचं नाव आहे हो, तारीख नाही. बायॉस चिपच्या स्टिकरवरचं सालही सॉफ्टवेअरचं असतं. काहीच जमलं नाही तर एफसीसी आयडी (अमेरिकन सरकारी मंजुरीचा नंबर) शोधा, सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, क्रिएटिव्हची आयबीए.

विकणाऱ्याला मेसेज करताना "कुठलं मॉडेल आहे" असं विचारू नका, तो गूगल करून काहीतरी ठोकून देतो. तीनच फोटो मागा, पुढून, मागून, ब्रॅकेट समोरून, फ्लॅश बंद करून उजेडात तिरपा धरून म्हणजे चिपवरची अक्षरं चमकत नाहीत. "दादा फक्त एक फोटो" म्हणलं की बहुतेक जण देतात. मागच्या फोटोत गंज, जळालेला ट्रॅक, नंतर सोल्डर केलेल्या वायरी सगळं दिसतं.

आणि जाता जाता, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड कुठल्या "अननोन कार्ड"च्या लॉटमध्ये दिसलं तर मला कळवा. डॉसच्या मशीनवर देवनागरी यावी म्हणून लावायचे ते. मी दर रविवारी शोधतो, अजून एकदाही दिसलेलं नाही.