नव्वदच्या दशकातलं अमेरिकी राज्याचं इंटरनेट विधेयक कसं वाचावं

सगळ्यात आधी, मथळा वाचू नका. तिथे 'मुलांचं संरक्षण', 'आधुनिकीकरण', 'ग्राहकहित' असलं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यावरून आत काय दडलंय याचा पत्ता लागत नाही. थेट व्याख्यांचं कलम उघडा.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. तेव्हा मी एका राज्याच्या विधिमंडळात संशोधन सहायक होते. विधेयक वाचायचं आणि समितीतल्या आमदारांना दोन पानी टिपण करून द्यायचं, एवढंच काम. पहिल्याच अधिवेशनात एक दूरसंचार विधेयक आलं. व्याख्या काय, नेहमीच्याच असणार, म्हणून मी त्या चाळून सोडल्या आणि टिपणात लिहिलं, 'करविषयक परिणाम : नाही'. सुनावणीला एका छोट्या डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या, कंपनीचा मालक उठला. 'दूरसंचार सेवा'च्या व्याख्येत 'आवाजाचे' या शब्दाला जोडून 'किंवा माहितीचे' असे दोनच शब्द घातले होते, ते त्याने वाचून दाखवले. त्या दोन शब्दांनी टेलिफोनवरचा कर त्याच्या प्रत्येक ग्राहकाच्या इंटरनेटच्या बिलावर बसत होता. अध्यक्षीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं अजून आठवतं.

तर व्याख्या वाचताना स्वतःला विचारायचं, यांनी इंटरनेटला कुठल्या खात्यात टाकलंय? टेलिफोन धरलं असेल, तर मामला दर ठरवणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे जातो. दुकान धरलं, तर विक्रीकर आला. छापखाना धरलं, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती आडवी येते. विधेयक कुठल्या समितीकडे पाठवलं होतं तेही बघा : करांच्या, न्यायाच्या, की वीज-पाणी-टेलिफोनच्या. पुष्कळदा व्याख्येपेक्षा हे लवकर बोलून जातं.

दुरुस्त्यांच्या प्रती एकावर एक ठेवून वाचाव्या लागतात. बहुतेक राज्यांत खोडलेला मजकूर म्हणजे कायद्यातून जाणारा आणि अधोरेखित म्हणजे नव्याने येणारा. माझे ते दोन शब्द अधोरेखितच होते, म्हणजे सबब सांगायलाही जागा नव्हती.

मग कॅलेंडर काढा. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. त्याच्या २५३व्या कलमाने राज्यांना बजावलं की कोणत्याही संस्थेला दूरसंचार सेवा देण्यापासून रोखणारा कायदा करता येणार नाही. त्याआधीच्या विधेयकात जुन्या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी सांभाळलेली दिसली, तर दचकू नका. नंतरच्या विधेयकात तीच दिसली, तर मात्र थांबून वाचा. मिझुरीने १९९७ मध्ये आपल्याच नगरपालिकांना ही सेवा द्यायला बंदी केली. 'कोणतीही संस्था' यात आम्हीही येतो, असं पालिकांचं म्हणणं. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं : राज्याने स्वतःच्याच पोटसंस्थांना आवर घालणं ही वेगळी गोष्ट. मला तो निकाल पटलेला नाही; पण पालिकांना अडवणारं विधेयक हातात आलं की तो शेजारी उघडा ठेवूनच वाचावं लागतं.

दुसरी तारीख २० जून १९९७. त्या एकाच दिवशी दोन राज्यांचे इंटरनेट कायदे संघीय न्यायालयांनी अडवले. जॉर्जियाचा कायदा खोटं नाव घेऊन ऑनलाइन वावरण्यावर होता, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपटला. न्यूयॉर्कचा कायदा मुलांना अपायकारक मजकुराबद्दलचा. न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी इंटरनेटची तुलना रेल्वे आणि महामार्गांशी केली. कॅलिफोर्नियातल्या माणसाने पान टाकलं, तर ते न्यूयॉर्कमध्ये कोणी उघडू नये अशी सोय त्याच्याकडे नाही, म्हणजे न्यूयॉर्कचा कायदा अख्ख्या देशावर लागू झाल्यासारखाच. आंतरराज्य व्यापार हा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, प्रांत, तिथे राज्याने हात घालायचा नाही.

म्हणून 'या राज्यात' हे शब्द कुठे आहेत ते पेन्सिलीने शोधा. वॉशिंग्टन राज्याचा १९९८चा स्पॅमविरोधी कायदा या बाबतीत बघण्यासारखा आहे. मेल वॉशिंग्टनमधल्या संगणकावरून निघालेला हवा, किंवा पत्ता तिथल्या रहिवाशाचा असल्याचं पाठवणाऱ्याला माहीत असायला हवं, निदान माहीत असायला कारण हवं. शिवाय बंदी स्पॅमवर सरसकट नाही. दिशाभूल करणारा विषय आणि मेल कुठून आला ते लपवणारा खोटा प्रेषणमार्ग यांच्यावर. शेजारच्या ओरेगनमधल्या एका विक्रेत्याने आंतरराज्य व्यापाराचा तोच मुद्दा काढला, पण २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मसुदा करणाऱ्याने हद्द नीट आखली होती.

विधेयकात एखाद्या तंत्राचंच नाव असेल, तर पुढे जाऊन ते रद्द कधी झालं तेवढं पाहा. युटाने १९९५ मध्ये डिजिटल सहीचा कायदा सगळ्यांच्या आधी केला. त्यात सार्वजनिक-किल्लीची पद्धत (एक गुप्त आणि एक जाहीर अशा सांकेतिक किल्ल्यांची जोडी) आणि किल्ली कोणाची याची ग्वाही देणाऱ्या परवानाधारक प्रमाणन संस्था अशी सगळी यंत्रणाच लिहून ठेवली. २००६ मध्ये तो रद्द झाला. राज्यांसाठी १९९९ मध्ये जो नमुना कायदा तयार झाला, त्यात सही कुठल्या तंत्राने करायची ते सांगितलेलंच नाही. सही करण्याचा हेतू असला की पुरे. तो टिकला.

पैशाचं प्रकरण वेळखाऊ आहे. विधेयकासोबत जोडलेलं, राज्याच्या तिजोरीवर काय परिणाम होईल ते सांगणारं वित्तीय टिपण शोधा. त्यातले आकडे बरेचदा अंदाजपंचे असायचे, पण धास्ती खरी असायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या क्विल निकालाने ठरवलं होतं की राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नसलेल्या विक्रेत्याला विक्रीकर गोळा करायला लावता येत नाही. तो निकाल २०१८ पर्यंत टिकला, तेव्हा मधल्या वर्षांतल्या प्रत्येक ई-व्यापार विधेयकाच्या मागे हे दुखणं आहे असं समजा. इंटरनेट जोडणीवरच्या कराला १९९८ मध्ये काँग्रेसने तीन वर्षांची स्थगिती दिली, ती वाढत वाढत २०१६ मध्ये कायमची झाली. मात्र १ ऑक्टोबर १९९८च्या आधीपासून जे कर वसूल होत होते, ते चालू ठेवायची राज्यांना सवलत होती आणि ती ३० जून २०२० पर्यंत चालली. टेक्ससने तर कर ठेवलाच, फक्त १९९९ पासून महिन्याच्या बिलातले पहिले २५ डॉलर माफ केले.

जाता जाता : ईमेलमागे ५ सेंट लावणारं 'विधेयक ६०२-पी' कुठे सापडलं, तर शोध थांबवा. असं विधेयक नव्हतंच, ती ईमेलवरून पसरलेली अफवा होती. काँग्रेसच्या विधेयकांना असे क्रमांक नसतात. तरी २००० साली न्यूयॉर्कमधल्या सेनेटच्या उमेदवारांना जाहीर वादसभेत त्यावर प्रश्न विचारला गेला होता.

आणि आमदारांना हसू नका. टेक्ससच्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षीच भरतं, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. एका अधिवेशनात मोडेम समजून घ्यावा, तर पुढच्या अधिवेशनापर्यंत केबलवरून इंटरनेट आलेलं असायचं.

विधेयकातून हेतू कळला नाही, तर राज्याच्या अभिलेखागाराला समितीच्या सुनावणीची ध्वनिफीत मागा आणि साक्ष द्यायला कोण कोण आलं होतं ते ऐका : टेलिफोन कंपनी, केबलवाले, ग्रंथपाल, नगरपालिका. मागताना विधेयकाच्या क्रमांकाबरोबर अधिवेशनाचं वर्षही लिहा. क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले जातात. मला एकदा त्याच क्रमांकाची, भलत्याच वर्षाची, मासेमारीच्या परवान्यांवरची तीन तासांची फीत आली होती.